वेतनश्रेणी एकच, मग पगार वेगळा कसा?

"प्राध्यापकांच्या पगारात कसला आलाय बाई-पुरुष आणि जातपात? सातवा आयोग सगळ्यांना सारखाच!" स्टाफरूममधलं हे ठरलेलं वाक्य. श्रेणीपुरतं खरंही आहे. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, मग तो कोणीही असो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१५ मध्ये महिला प्राध्यापकांच्या मूळ पगारात सरसकट ३,५१५ डॉलर वाढवले. आपल्याकडे असा एक आकडा काढता येणार नाही, कारण आपला फरक श्रेणीत नाही, तारखांत आहे.

दोघंही नेट, दोघंही पीएचडी. तो आज कायम झाला, ती पाच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलेल्या तासापुरते पैसे. पाच वर्षांनी तिची नेमणूक ५७,७०० वर होते. त्याचं कॅस, म्हणजे ठरावीक सेवेनंतरची बढती, चौथ्या वर्षी वेळेवर झालं असेल, तर तो तेव्हा वरच्या वेतनस्तरात, लेव्हल ११ मध्ये, ७१,००० वर असतो. मूळ वेतनातच १३,३०० चा फरक, त्यावर महागाई भत्ता वेगळा.

मग सीएचबीची वर्षं सेवेत धरून घ्या की! यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आधीची तात्पुरती सेवा धरतात, पण त्या काळातला एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावा, ही अट आहे. तासावर पैसे मिळणारी बाई ती कुठून पुरी करणार? आधी कमी द्यायचं, मग कमी दिलं म्हणून सेवा मोजायची नाही. प्रसूती रजेचंही तसंच: कायम असलेलीचं कॅस त्यामुळे अडू नये अशी तरतूद त्याच नियमावलीत आहे, सीएचबीत तास नाही तर पैसे नाहीत.

जातीचा हिशेब बिंदुनामावलीत, म्हणजे कितवं पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणाऱ्या यादीत, लपतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आरक्षण मोजायला विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक मानलं. केंद्राच्या नामावलीत चौथा बिंदू ओबीसी, सातवा अनुसूचित जाती, चौदावा अनुसूचित जमाती. म्हणजे तीन पदांच्या विभागात पहिल्या फेरीत राखीव जागा शून्य! केंद्राने २०१९ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा करून हे बदललं. पण पदभरतीच रखडली तर राखीव बिंदूवरचा माणूसही सीएचबीवरच झिजतो.

म्हणून माहिती अधिकारात नुसती पगारपत्रकं मागू नका. सीएचबीची वर्षं, रुजू तारीख, पीएचडीची तारीख, कॅस देय झाल्याची आणि प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख, लिंग, प्रवर्ग असे रकाने मागा. आणि पदनिहाय सरासरी काढू नका. बढतीच अडवली असेल तर "सहायक" गटात सगळे सारखेच दिसतात.