खुलासा: पिंपरी-चिंचवड एकाच कंपनीने वसवलेलं नाही

‘पिंपरी-चिंचवड एका मोटार कंपनीने माळरानावर उभं केलं, सरकारचा काडीचा हात नव्हता’ हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. सनावळीच पाहा. केंद्र सरकारची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पेनिसिलिनचा कारखाना, पिंपरीत आली १९५४ साली. एमआयडीसी, म्हणजे राज्य सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ ची. प्लॉट, रस्ते, पाणी तिचं. टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज त्या दशकातल्या. त्यांचं योगदान मोठं, त्यात वाद नाही. पण सातबारा सोडणारे शेतकरी, भोसरीच्या शेडमध्ये लेथवर सुटे भाग कातणारे छोटे वर्कशॉपवाले, मराठवाड्या-विदर्भातून आलेले कामगार, हे मेसेजमध्ये कुठेच नाहीत! कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.