प्रतिक्रियेला उत्तर: घुमट, वारा आणि ‘कधी वादळ पाहिलेलं दिसत नाही’

नमस्कार. पत्र्याच्या हलक्या घुमटांवरून वारा घसरून जातो, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया शांतपणे वाचली, मगच लिहायला बसलो.

आपण लिहिता: ‘घुमटावरून वारा घसरून जातो म्हणे! लेखकाने आयुष्यात कधी वादळ पाहिलेलं दिसत नाही. घुमट वाऱ्याने ढकलला जात नाही, वर उपसला जातो. दार आणि पाया यांवर एक अक्षर नाही, मकबऱ्याचा फोटो मात्र मोठा.’

फोटोचं मान्य. विषय पत्र्याच्या हलक्या घुमटांचा होता, तिथे बीबी का मकबरा नसता तरी चाललं असतं.

पण ‘कधी वादळ पाहिलेलं दिसत नाही’ हे कशावरून ठरवलंत? मतभेद असू द्या, हा सूर कशासाठी? मी औसा तालुक्यातला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्याकडे माळवदाची धास्ती बसली आणि घराघरावर पत्रे आले. भूकंपात हलकं छप्पर बरं, वाऱ्यात तेच घात करतं, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या गोठ्याच्या पत्र्यांवर वडिलांनी दगड ठेवले होते. वैशाखातल्या वादळात वाऱ्याच्या बाजूचा कडेचा पत्रा आधी सुटला आणि दगडासकट उलटला. खिळे लाकडात जसेच्या तसे होते; पत्र्याची भोकं तेवढी लांबट फाटली होती. पत्रा वर ओढला गेला, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तुम्ही मला ते आता शिकवताय.

आता ‘घसरून जातो’ या शब्दांबद्दल. सपाट छपराच्या धारदार कडेवर वारा छपरापासून सुटतो आणि तिथेच, कडेला आणि कोपऱ्याला, सगळ्यात जबर ओढ बसते. घुमटाला तशी कड नाही. वारा पृष्ठभागाला धरून बराच वर चढतो, त्यामुळे चौकोनी इमारतीला बसतो तेवढा आडवा धक्का घुमटाला बसत नाही. एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते आजही तसंच आहे. माथ्यावर वेग वाढतो, दाब घटतो आणि ओढ तयार होते, हे मी नाकारलं कुठे? आदर्श प्रवाहाच्या गणितात गोलाच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग दीडपट होतो आणि ओढ समोरच्या कमाल दाबाच्या सव्वापट येते. प्रत्यक्षात आकडा बदलतो, दिशा बदलत नाही.

तुम्हाला आकडे हवेत ना? इमारतींवरच्या भारांसाठीचं भारतीय मानक आयएस 875, त्याच्या भाग 3 मध्ये औरंगाबादसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. 0.6 गुणिले वेगाचा वर्ग केला की चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, म्हणजे 93 किलोचा भार. उंची आणि भूभागाप्रमाणे तो कमीजास्त होईल. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम 4 किलो भरतो. विटांचा घुमट फूटभर जाड असला तरी त्याचं वजन 500 किलोच्या पुढे जातं. म्हणून विजापूरचा गोल घुमट वाऱ्याला दाद देत नाही आणि पत्र्याचा घुमट प्रत्येक बोल्टावर जगतो.

2005 साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोमवरचं आवरण सोलून निघालं आणि आत पाणी आलं. 207 मीटर व्यासाचा पोलादी सांगाडा मात्र उभा राहिला. तुमची ओढ आणि माझा आकार, दोन्ही त्या एकाच छपरात आहेत. मग भांडण कशाचं?

दार आणि पाया हा त्या लेखाचा विषयच नव्हता. वाऱ्याच्या तोंडाचं दार उघडं राहिलं तर आतला दाब वाढतो आणि बाहेरच्या ओढीत त्याची भर पडते, हे खरं आहे. त्यावर वेगळं लिहीन. बाकी ‘म्हणे’ वगैरेला उत्तर देत नाही. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी माझं गणित खोडा, माझं आयुष्य नको.