गंगेवर चालायला निघालात? पिशवी विसरू नका!

नाशिकला सोमेश्वरपासून तपोवनापर्यंत गोदावरीच्या काठाकाठाने दिवसभर पायी फिरायचं म्हणताय? उत्तम विचार आहे. अंतर दहा-बारा किलोमीटर, वाटेत आनंदवल्ली, रामकुंड, कपिला संगम. नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी फक्त सरकारी कागदात म्हणतात, एरवी ती गंगा, आणि आपण जातो ते ‘गंगेवर’. मागच्या आठवड्यात होळकर पुलावरून एका चालत्या स्कूटरवरच्या भक्ताने फेकलेली गच्च पिशवी खाली घाटावर चालणाऱ्या माणसाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर फुटली. तेव्हा या फेरीचे नियम एकदा नीट लिहून काढलेले बरे.

सकाळी साडेसहाला वगैरे निघू नका. त्या वेळी ऊन कोवळं असतं, घाट झाडून झालेला असतो, गर्दी नसते. मग मजा काय? मे महिन्यात दुपारी साडेबाराला रामकुंडावर पोचा. देवळात जायचं म्हणून चपला गाडीतच ठेवा आणि तापलेल्या फरशीवरून नारोशंकराच्या देवळापर्यंत अनवाणी जा. पाणी बरोबर नेऊ नका. नदीवरच तर चाललाय.

चप्पल घातलीच, तर गुळगुळीत तळव्याची. पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्या हिरव्यागार असतात, फोटो तिथेच छान येतो. ते हिरवं म्हणजे शेवाळ. पाय सरकला की पुढच्या पायरीचा भरवसा नाही, कारण गढूळ पाण्यात ती दिसतच नाही. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी हाच प्रयोग अजून झटपट होतो.

आनंदवल्लीचा आणि राघोबादादांचा काय संबंध, हे वाचत बसू नका. कपालेश्वर महादेवासमोर नंदी मुळातच नसतो; तो दिसला नाही, तर चोरीला गेला असा व्हिडिओ टाकून द्या.

गाडी लावायची ती थेट नदीलगतच्या गौरी पटांगणात. पावसाळ्यात तर आवर्जून तिथेच. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याच्या बातम्या मोबाइलवर येतात, पोलीस भोंग्यावरून ओरडतात, दुकानदार टपऱ्या ओढून वर नेतात. तुम्ही शांतपणे चहा घ्या. पाणी वर धरणातून सुटतं आणि मग खाली गावात येतं, म्हणजे मध्ये वेळ मिळतो, पण तो वेळ इतरांनी गाड्या काढण्यासाठी असतो. पुराचं माप तुम्हाला माहीत असेलच: पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, पायाला, कमरेला की छातीला? मारुती जागचा हलत नाही. तुमची गाडी हलेल. सराफ बाजारातल्या आणि भांडी बाजारातल्या लोकांना हे तोंडपाठ आहे, पण त्यांना विचारायला तुम्हाला वेळ कुठला.

इतिहासाचं ओझं शक्यतो टाळा. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं. नारोशंकराच्या दर्शनी भिंतीवर नदीकडे तोंड करून टांगलेली ती मोठी घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून आलेली पोर्तुगीज घंटा आहे, आणि पुराचं पाणी तिला लागलं की महापूर, असा गावाचा जुना हिशेब. तुम्हाला त्याचं काय? सावलीतली दगडी भिंत थंड लागते, पाठ टेका, वेफर्स खा, आणि रिकामं पाकीट नक्षीच्या कोनाड्यात खोचा. कोनाडे त्यासाठीच कोरलेले असतात.

कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतून जिवंत झरे बुजवले, अशी ओरड इथले लोक वर्षानुवर्षं करताहेत. डुबकी मारताना त्याचा विचार करू नका, मन विटतं.

आता मुख्य मुद्दा. निर्माल्य.

गंगेवर रिकाम्या हाताने जायचं नसतं. घरातलं निर्माल्य आठ-दहा दिवस साठवा. पिशवी अगदी पातळ प्लॅस्टिकची निवडा, भाजीवाला देतो ती. आत काय काय जातं ते नीट ऐका: झेंडूचे हार, नायलॉनच्या दोऱ्यासकट आणि जरीच्या तारेसकट. दूर्वा, बेल. कापराची डबी, उदबत्तीचं पुठ्ठ्याचं खोकं, तेलाची रिकामी बाटली. मखराचं थर्माकोल तोडून. फुटलेली समई. वर एक नारळ, म्हणजे वजन येतं आणि नेम चुकत नाही. मग तोंड आवळून दोन गाठी मारा. गाठ पक्की हवी, कारण आत हवा कोंडली की पिशवी बुडत नाही, तरंगते, आणि तुमची भक्ती पुढच्या कुंडापर्यंत सगळ्यांना दिसत राहते. तिथे कोपऱ्यात अडकली की आतल्या फुलांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि दोन दिवसांनी सडक्या अंड्यांसारखा जो वास येतो तो तुमच्या देव्हाऱ्यातला असतो. कुजकं पाण्यात उतरलं की त्याच्यावर पाणवेली पोसतात. पाणवेली वाढल्या की तुम्हीच म्हणता, महापालिका काय करते?

पुलाच्या कठड्यावर उंच जाळी लावलीय, पण ती अडथळा नाही, आव्हान आहे. स्कूटर थांबवायची नाही. मागे बसणारीने उभं राहायचं, हात मागे न्यायचा, आणि सोडायची. लगेच दोन्ही हात जोडून कपाळाला. पुलाच्या टोकाला निर्माल्य कलश ठेवलेला दिसेल. त्याच्याकडे बघायचं नाही, तो पानाच्या पिचकाऱ्यांसाठी आहे.

आणि तसबिरी! जुन्या देवांच्या तसबिरी घरात ठेवायच्या नाहीत, कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून त्या काठावरच्या पिंपळाखाली उभ्या करतात. चार दिवसांत वाऱ्याने पडतात, काच फुटते, आणि सकाळी अनवाणी स्नानाला येणाऱ्या म्हातारीच्या टाचेत देव शिरतो. अहो, मागचे चार खिळे पक्कडीने काढले की चौकट वेगळी, काच वेगळी, पुठ्ठा वेगळा आणि कागद वेगळा होतो. पाच मिनिटांचं काम आहे. काच जाड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायची, कागद भिजवून लगदा करून कुंडीतल्या मातीत मिसळायचा. यात कुठला देव कोपतो?

फुलांचंही तेच. दोरा ओढून काढा, फुलं दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, तळाला भोकं असलेल्या जुन्या कुंडीत एक थर फुलांचा, दोन थर सुक्या पाचोळ्याचे, वर मूठभर माती आणि आंबट ताकाचा शिपका. आठवड्यातून एकदा हलवा. वास आला तर ओल जास्त झालीय, पाचोळा वाढवा. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. तुळशीला घाला. देवाचं देवाला पोचलं ना?

पण नाही. ‘गंगेत सोडलं’ म्हणायचं असतं. सोडत नाही तुम्ही, टाकता. घरात नको झालेलं आईच्या अंगावर टाकता आणि वर तिलाच माई म्हणता. संध्याकाळी तिच्याच आरतीला उभे राहून तबक फिरवता, आणि वाऱ्याने तोच वास नाकात जातो, तेव्हा रुमाल कोण काढतं? बुधवारच्या बाजाराला पिशवीचे पाच रुपये मागितले की हुज्जत घालता, आणि पुलावर मात्र पिशवी सढळ हाताने. तपोवनापर्यंत चालत जाऊन बघा एकदा, मलजल शुद्धीकरण केंद्राच्या खाली पाण्यावर फेस कसा तरंगतो ते. टाकळीला येऊन मिळणाऱ्या नासर्डीचं नाव आपण नंदिनी केलं. पाणी तेच ठेवलं. २०२७ च्या सिंहस्थाला जगभरातून लोक येतील, त्यांनाही हेच तीर्थ पाजणार?

आणि कलश भरलेला असेल, तर पिशवी घरी परत न्या. आणलीत ना एवढ्या लांबून? कलशात जागा असेल, तर स्कूटर बाजूला घ्या, खाली उतरा, गाठ सोडा, फुलं आत टाका. आणि ते जमणारच नसेल, तर फेकायच्या आधी निदान वाकून खाली बघा. खाली माणसं चालत असतात.