ड्रमला वास येतो तो सुका पाला नसल्यामुळे
‘ओला कचरा ड्रममध्ये टाकत राहा, दोन महिन्यांत खत तयार’ असं सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करण्यावरच्या एका लेखात म्हटलंय. सुक्या पाल्याचा उल्लेखच नाही, आणि सोसायट्यांचे ड्रम नेमके तिथेच बंद पडतात! साली, देठं यांत पाणीच फार. नुसती तीच टाकली की थर दबतो, हवा कोंडते, आंबूस वास सुटतो. एक डबा ओल्या कचऱ्याला किमान एक डबा चुरलेला पाला हवाच, दोन असले तर उत्तम. आठवड्यातून दोनदा तळापासून खालीवर करा. मूठभर घेऊन आवळा: गोळा व्हावा, पाणी गळू नये. चपट्या करड्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या कचराच खातात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात रस्तोरस्ती पानगळ होते आणि तो पाला कोपऱ्यात पेटवला जातो. कृपया पोत्यांत भरून ठेवा. पावसाळ्यात शोधूनही मिळत नाही.