जनावर दगावलं की शेतकऱ्याची चांदी होते?

अतिवृष्टीच्या बातम्या सुरू झाल्या की एक संदेश या गटातून त्या गटात फिरू लागतो. मजकूर साधारण असा: पुरात जनावर गेलं की शेतकऱ्याची चांदी. भाकड गाईलाही बाजारभावापेक्षा जास्त पैसे मिळतात, कळप मोठा तर रक्कम मोठी, आणि हे सगळं नुसत्या अर्जावर. यातलं एकही विधान नियमाला धरून नाही.

आधी रक्कम बघा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत. तेही उत्पादनक्षम जनावरांपुरते. भाकड गाईच्या नावावर कमाई हा निकषांतला मार्गच नाही. आता बाजारात या. चांगल्या दुधाची म्हैस लाखाच्या आत मिळणं कठीण. ३० किलोची उस्मानाबादी शेळी जिवंत वजनावर किलोला ३५० रुपयांनी धरली तरी १०,५०० होतात. दिवसाला १२ लिटर देणाऱ्या गाईचं दूध ३० रुपये लिटरनं घातलं, तर ३७,५०० म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांचं दूध. वेत, म्हणजे व्यायल्यानंतर दूध देण्याचा काळ, चालतं दहा महिने. बुडालेल्या दुधाचा या मदतीत हिशेबच नाही.

कळपाचं विधान तर उलटं आहे, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकतं. निकषांत मर्यादा कुटुंबामागे आहे: दुधाची मोठी जनावरं ३ किंवा शेळ्या-मेंढ्या ३०. गोठ्यातल्या आठ म्हशी गेल्या तरी पैसे तिघींचेच. कोंबडीला १०० रुपये, पण कुटुंबामागे १०,००० च्या वर नाही. म्हणजे हजार पक्ष्यांची शेड बुडाली तर मदत शंभर पक्ष्यांची. ज्याचं पोट फक्त जनावरांवर आहे, त्याचंच यात जास्त नुकसान होतं. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाळी पाऊस आणि गारठ्यानं जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात हजारो मेंढ्या मेल्या. मेंढपाळाच्या एका वाड्यावर, म्हणजे मुक्कामावर, शंभर मेंढ्या मेल्या असतील, तर या निकषांनी सत्तर मेंढ्या हिशेबातच येत नाहीत.

राहिला 'नुसता अर्ज'. पंचनामा लागतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. शिवाय जून २०२४ पासून राज्यात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराला आपत्तीची मदत नाही. ज्याचं जनावर नदीनं ओढून नेलं, त्यानं पंचनाम्याला काय दाखवायचं? खोटे पंचनामे कुठे होत असतील तर जरूर चौकशी करा, पण त्यासाठी गोठा रिकामा झालेल्या प्रत्येकाला चोर ठरवू नका.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानं धाराशिव, बीड, सोलापूरचे गोठे उद्ध्वस्त केले, तेव्हा राज्य सरकारनं ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये तीन जनावरांची अट काढून टाकली. म्हणजे ती अट अन्यायाची आहे हे सरकारलाही पटलं होतं. मग ती कायमची काढा, मेंढपाळांच्या तीसच्या मर्यादेसकट, आणि प्रत्येक पुरानंतर शेतकऱ्याला नव्यानं मागणी करायला लावू नका.