आधी इंजिनाचं गोत्र विचारा

सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला निघालाय? जरूर जा. फक्त सोबत एक भाचा न्या. भाचा विशीतला हवा, स्वतःची गाडी नसलेला हवा आणि जगातल्या प्रत्येक गाडीबद्दल त्याचं ठाम मत हवं. ही मतं मोबाईलवर व्हिडिओ बघून झालेली असतील तर उत्तमच. गाडी चालवून झालेली मतं फार गुळमुळीत असतात.

गाडी समोर आली की चालवायला मागू नका. आत बसूसुद्धा नका. एकदा त्या खोल सीटमध्ये बसलं आणि स्टिअरिंग हातात आलं की भल्याभल्यांची मतं पातळ होतात. तुम्ही हाताची घडी घालून उभे राहा आणि एकच प्रश्न विचारा, "इंजिन कुणाचं?"

सूर स्थळ बघायला आल्यासारखा हवा. मुलगी काय शिकली, काय करते हे नंतर. आधी आडनाव, मग गाव, मग "म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" समोरच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की हेच इंजिन कंपनीच्या फॅमिली गाडीतही येतं, की तोंडानं काही बोलायचं नाही. नुसता एक लांब सुस्कारा सोडायचा. पुढचं काम भाच्याचं. "मामा, म्हणजे आपण सेडानच घेतोय, फक्त दोन दारं कमी."

हे वाक्य मी गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलं. मी विकायला काढलेली स्पोर्ट्स कार बघायला मामा-भाचे नेरुळहून आले होते. माझ्या गाडीचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं की तुमच्यातलाही एखादा भाचा जागा होईल.

पुढचा सल्ला महत्त्वाचा आहे. इतिहास चुकूनही वाचू नका. वाचलात तर कळेल की ज्या पोर्शेचं नाव घेताना भाच्याचे डोळे मिटतात, त्या पोर्शेनं १९४८ साली स्वतःच्या नावाची पहिली गाडी काढली ती फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात फेरफार करून. घराण्याची सुरुवातच उसनवारीची! १९७६ च्या पोर्शे ९२४ मधलं दोन लिटरचं इंजिन ऑडीकडचं, आणि त्याचं भावंड फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्ये माल वाहत होतं. त्याच्याही मागे जा. ट्रायम्फची टीआर२, साल १९५३, उघड्या टपाची, देखणी. तिच्या इंजिनाचं घराणं कुठलं? फर्ग्युसन ट्रॅक्टरचं. होय, नांगर ओढणारा तोच. १९५५ ची एमजीए घ्या. तिचं १४८९ सीसीचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या १४८९ सीसीच्या इंजिनानं आपल्या अॅम्बेसेडरमधून वर्षानुवर्षं मंत्री, कलेक्टर आणि त्यांच्या फायली ओढल्या. आणि इटलीची सिसितालिया २०२? ती तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नेऊन ठेवलीय, चाकांवरचं शिल्प म्हणून. बॉनेटखाली काय? फिआट ११०० चं १०८९ सीसी. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन याच वंशातलं, तेवढ्याच सीसीचं. म्हणजे कॅरिअरवर ट्रंका बांधून ज्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनं आपण गावची गाडी पकडायला दादरला जात होतो, तिची मावशी संग्रहालयात बसलीय आणि लोक तिकीट काढून तिला बघतायत. भाच्यानं लगेच संग्रहालयाला ईमेल करावी. "तुम्हाला फसवलं. टॅक्सी दिली."

वजनाचा विषय काढू नका.

काढलात तर पंचाईत होईल. १९९६ ची लोटस एलिस जेमतेम सव्वासातशे किलोची, आणि तिला रोव्हरच्या घरगुती गाड्यांतलं १.८ लिटरचं इंजिन, ११८ हॉर्सपॉवर. एवढ्याशा ताकदीवर चार माणसं, डिकीतल्या बॅगा आणि आजींची वॉकर काठी वाहायची म्हटलं तर ते निमूट चालणारं इंजिन. तेच सव्वासातशे किलोच्या अंगात, ड्रायव्हरच्या पाठीशी बसवलं की वळणावर पोटात गोळा येतो. इंजिन उसनं घेतलं की पैसे वाचतात, ते चासिसवर आणि सस्पेन्शनवर लावता येतात. छोट्या कंपन्या तगल्या त्या याच हिशेबावर. उलटंही होतं, नाही असं नाही. १९८१ ची डिलोरियन बघा. स्टेनलेस स्टीलचं अंग, पंखासारखी उघडणारी दारं, आणि मागे प्यूजो, रेनो, व्होल्वो या तिघांनी मिळून केलेलं व्ही-६, अमेरिकेत फक्त १३० हॉर्सपॉवर. थाट विमानाचा, चाल एसटीची. पण ते इंजिन दुसऱ्याचं होतं म्हणून नव्हे. अंगाच्या मानानं दम कमी होता म्हणून. ठाण्याच्या मामलेदारच्या मिसळीतली मटकी काय आकाशातून पडते? तुमच्या-आमच्या घरात भिजते तीच मटकी. घाम फुटतो तो तर्रीनं.

हे मी मामांना सांगत होतो. मामा फोन बघत होते.

स्पेअर पार्टचा विचार तर मुळीच करू नका. मागच्या पावसाळ्यात माजिवड्याच्या पुलावर माझी गाडी खोकायला लागली. चारातला एक सिलिंडर मेलेला. गॅरेजवाल्यानं वीतभर लांबीची इग्निशन कॉइल उपसून हातात दिली आणि समोरच्या दुकानातून दुसरी आणून बसवली, कारण तीच कॉइल चार फॅमिली गाड्यांना लागते. दुपारच्या जेवणाला मी घरी होतो. असलं सुख खानदानी माणसाला शोभत नाही. त्यानं परदेशातून पार्ट येईपर्यंत गाडीवर कव्हर घालून वाट बघावी, आणि आल्यागेल्याला कव्हर उचलून दाखवावं.

शुद्ध रक्ताचं, बारा सिलिंडरचं व्ही-१२ च हवं असेल तर घ्या. गायमुखच्या घाटात, दोन कंटेनरच्या मध्ये, पहिल्या गिअरमध्ये ते फार छान वाजतं म्हणे.

आणि शेवटी भाव पाडा. "इंजिन ओरिजिनल नाही, त्यामुळे दोन लाख कमी." ओरिजिनल नाही? अहो, कंपनीनं बसवलेलं, आरसीवर नंबर असलेलं इंजिन ओरिजिनल नाही तर काय मी गणपतीच्या मांडवातल्या जनरेटरमधून काढून आणलं?

बरं, हे बोलणारे गृहस्थ आले होते कशातून? डिझेल एसयूव्हीतून. इंजिन १९५६ सीसी. हे मूळ फिआटचं इंजिन. जीप कंपास त्याच्यावर, टाटा हॅरिअर त्याच्यावर, एमजी हेक्टरही त्याच्यावर. टाटांनी त्याला क्रायोटेक म्हटलं, एवढंच. त्या तिघींतली एक गेटवर उभी होती, वॉचमनच्या खुर्चीला टेकवून. त्याआधी म्हणे मामांकडे स्विफ्ट डिझेल होती. त्यातलं १२४८ सीसी फिआटचंच, जे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले! तेव्हा नाही हो विचारलंत शोरूममध्ये, "इंजिन कुणाचं?" तेव्हा नारळ फोडलात, हळदीकुंकू वाहिलंत, चाकाखाली लिंबू ठेवलंत आणि फोटो काढलेत.

आता सरळच सांगतो, मामा. तुम्हाला गाडी घ्यायचीच नव्हती. रविवार घालवायचा होता. भाच्यापुढे जाणकारी मिरवायची होती, आणि त्यासाठी फुकटची गाडी, फुकटचं पार्किंग आणि वर फुकटचा श्रोता मिळाला. मी तीनदा किल्ली पुढे केली, तीनदा म्हटलं की ओवळ्यापर्यंत एक चक्कर मारून या, आत्ता रस्ता मोकळा आहे. घोडबंदरला रस्ता मोकळा असणं म्हणजे काय, हे नेरुळकरांना नाही कळायचं. पण तुम्ही किल्लीला हात लावला नाहीत. न चालवता दोन लाख कमी? दोन रुपये कमी करणार नाही. तुम्हाला तर विकणारच नाही, पूर्ण भाव दिलात तरी.

आणि हो. हिनं तुम्हाला पोहे दिले, वर लिंबू, ओलं खोबरं, सगळं. खाताना बशी तुम्ही माझ्या बॉनेटवर ठेवलीत. स्टीलची बशी. बोलता बोलता ती फिरवलीतही, शेंगदाणे वेचायला. तिथे आता नखाएवढा अर्धगोल ओरखडा आहे, रबिंग करूनही जात नाही. रंग मात्र कंपनीचा स्वतःचा होता हो, कुणाकडून उसना आणलेला नव्हता. तो भरून द्या आधी. भाच्याकडून घ्या हवं तर.