आमचं कुटुंब सिग्नलला थांबतं

जानेवारी २०२१च्या पहिल्याच आठवड्यात काकांचा फोन आला. मेसेज नाही, फोन. आमच्याकडे काकांचा सकाळी फोन येणं म्हणजे कुणीतरी गेलं, असा अर्थ असतो. म्हणून मी आधी खुर्चीत बसलो.

"व्हॉट्सॲपची नोटीस वाचलीस? ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य म्हणा, नाहीतर चालू लागा! ही काय मोगलाई आहे?"

नोटीस मी पाहिली होती. चहाचं आधण उकळायच्या आत 'मान्य' दाबूनही मोकळा झालो होतो. हे काकांना सांगण्याची छाती झाली नाही. काका चौतीस वर्षं विम्यात होते. "इथे, इथे आणि इथे सही करा" म्हणत त्यांनी निम्म्या सदाशिव पेठेच्या सह्या घेतल्या, आणि त्यातल्या एकानेही मागचा बारीक मजकूर वाचला नाही. तोच माणूस आता भिंग घेऊन व्हॉट्सॲपच्या अटी वाचत होता. असं प्रायश्चित्त फार थोड्यांच्या नशिबी येतं.

बरं, काकांचं म्हणणं खोटंही नव्हतं. आपापसातले मेसेज कुलूपबंदच राहणार होते. वाद होता तो आपला नंबर, फोनची माहिती, दुकानदारांशी चाललेला व्यवहार वगैरे फेसबुकच्या घरी पोचवण्याचा. फेसबुकनं २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सॲप विकत घेतलं होतं, ते काही आपल्या सुप्रभातांसाठी नव्हे. २०१६ मध्ये असाच बदल झाला, तेव्हा नको म्हणायला तीस दिवस तरी दिले होते. ते तीस दिवस आमच्या घराण्यानं नेमके कशात घालवले कोण जाणे. या वेळी नकाराची सोयच नव्हती. युरोपातल्या लोकांना वेगळे नियम आणि आपल्याला वेगळे, हे कळल्यावर तर काकांच्या अंगात टिळक संचारले.

आत्याचा मात्र नोटिशीवर विश्वासच बसेना. 'तिसरी खूण लाल झाली की पोलीस घरी येतात' हा मजकूर गेली कित्येक वर्षं न चुकता पाठवणारी माझी आत्या. खरी नोटीस आल्यावर म्हणाली, "असले फॉरवर्ड फार येतात रे. डोळे झाकून विश्वास ठेवू नये."

आमच्या 'आपली माणसं' ग्रुपवर त्रेचाळीस सभासद. माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचा सोनोग्राफी रिपोर्ट आत्यानं याच ग्रुपवर टाकला होता, 'कुणाच्या ओळखीत डॉक्टर?' म्हणून. सात जणांनी हात जोडले, दोघांनी ओव्याचा काढा सुचवला आणि एका मावसभावानं चुकून केक पाठवला. शिवाय भाचीची पत्रिका, तिला सांगून आलेल्या मुलाचा पगार, आजीचं आधार कार्ड (दोन्ही बाजूंनी) असा ऐवज तिथे रुळत होता. त्या ग्रुपवर काकांनी लिहिलं, 'आपल्या खासगी आयुष्याचं रक्षण केलंच पाहिजे.' खाली त्रेचाळीसपैकी एकतीस अंगठे.

सिग्नल नावाच्या, मेसेज पाठवायच्या दुसऱ्या ॲपवर जायचं ठरलं. त्याला कारण इलॉन मस्क. ७ जानेवारीला त्यानं 'सिग्नल वापरा' एवढंच ट्विट केलं आणि जग तिकडे धावलं. धावता धावता काही जणांनी टेक्सासमधल्या 'सिग्नल ॲडव्हान्स' नावाच्या, या ॲपशी काडीचा संबंध नसलेल्या कंपनीचे शेअर घेतले. साठ सेंटचा शेअर काही दिवसांत अडतीस डॉलरवर गेला. आमचा मामेभाऊ तेव्हापासून "मी घेणारच होतो" म्हणतो. त्याला हर्षद मेहताच्या काळातलेही असेच बरेच शेअर घ्यायचे होते.

काकांनी मला सिग्नलची चौकशी करायला सांगितली. मी सांगितलं की व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन तिथून बाहेर पडला आणि २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर घालून सिग्नलच्या पाठीशी उभा राहिला. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे भांडून वेगळं दुकान. 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी लावली असती म्हणजे गोंधळ नव्हता."

रविवारी मी सगळ्यांच्या फोनात सिग्नल घातलं. आईपाशी गाडी अडली. ॲपनं पिन मागितला.

"पिन कुणालाही सांगायचा नाही. बँकेनंच सांगितलंय."

"आई, हा बँकेचा नाही. नवा ठरवायचाय."

"अगदी हेच बोलतात ते फोनवर." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुलगाच आहे ना याचा पुरावा द्यावा लागणार. बाबांनी मात्र फोन घेतला, खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभं राहून काहीतरी टाकलं आणि म्हणाले, "झालं. विचारू नकोस."

त्रेचाळीसपैकी एकोणीस जण आले. मग फोन टिंगटिंग वाजू लागला. अमुक सिग्नलवर आले, तमुक सिग्नलवर आले. प्लंबर आले. दूधवाले आले. ज्यांच्याकडे माझं डिपॉझिट अडकलंय ते जुने घरमालक आले. मी इथे आहे हे अर्थात त्यांनाही कळलं असणार. एवढी उठाठेव खासगीपणासाठी!

नव्या ग्रुपवर शांतता होती. देवळाचा गाभारा असावा तशी. कुणी काही टाकलंच, तर लगेच व्हॉट्सॲपवर येऊन लिहायचं, 'सिग्नलवर मेसेज टाकलाय, बघावा.' १३ तारखेला वर्तमानपत्रांत व्हॉट्सॲपची पानभर जाहिरात झळकली, की आम्ही तुमच्या खासगीपणाचा मान राखतो. काका म्हणाले, "पानभर खुलासा करावा लागतो, तिथे पाणी मुरतंय." १४ला संक्रांत. प्रत्येक तिळगूळ दोन्हीकडे. काकूंनी विचारलं, "दोनदा गोड बोलायचं का?"

आणि १५ जानेवारीला किंक्रांत. गर्दी इतकी झाली, की त्या रात्री सिग्नलच जगभर बंद पडलं. नेमकं त्याच दिवशी व्हॉट्सॲपनं मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. "किंक्रांतीच्या तोंडावर नवं काही करू नये, मी म्हणत होते," असं काकूंनी लिहिलं. व्हॉट्सॲपवर. पुढे दोन दिवसांनी खुद्द व्हॉट्सॲपनं स्वतःचं स्टेटस टाकलं. आत्याच्या गाजराच्या हलव्याशेजारी ते दिसत होतं. आत्यानं दोन्ही पाहिली आणि हलव्याला किती जणांनी पाहिलं ते मोजलं.

फेब्रुवारीत मामला सर्वोच्च न्यायालयात पोचला. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठानं कंपनीला सुनावलं, की तुम्ही दोन-तीन ट्रिलियनचे असाल, लोकांना खासगीपण पैशाहून मोलाचं वाटतं. काका आठवडाभर छाती काढून हिंडत होते. "नागपूरचे आहेत. आपले." नागपूरकरांना काकांनी आपलं म्हटल्याची घराण्यात दुसरी नोंद नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगानं त्या नोटिशीतल्या धोरणापायी मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीलाच, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. ती बातमी आम्हाला काकांकडून समजली. व्हॉट्सॲपवर, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशा शिक्क्यासह. खाली ओळ होती, 'सिग्नलवरही टाकलंय.'

त्याच सुमारास बाबांचा फोन बदलला. जुनं सगळं नव्यात घालता घालता सिग्नलनं पिन मागितला. मी बाबांना विचारलं. ते उठले, दार लोटलं, स्वयंपाकघरातल्या आईचा कानोसा घेतला आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटले,

"आपल्या पेठेचाच. चार-अकरा-शून्य-तीस. आणि हे ग्रुपवर टाकू नकोस."